दुसरं स्टूल

गेली दोन वर्षं मार्गळी लागली की आमच्या घरात देवापुढची घंटा वाजत नव्हती. वहिनी पूजा करायची, दिवा लावायची, कापूर पेटवायची. घंटा मात्र फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात, पेन्शनच्या कागदांशेजारी पडून असायची. कुणी विचारलंच तर आतला लोलक सैल झालाय असं मी सांगायचे. लोलकाला काही झालेलं नव्हतं. मलाच तो आवाज त्या महिन्यात ऐकवत नव्हता.

मार्गळी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीतल्या पोंगल सणापर्यंतचा महिना. तंजावूरला थंडी अशी पडतच नाही, पडतं ते धुकं. बाहेर शेतांत भात कमरेइतकं उभं असतं, कालवे भरलेले असतात, आणि पहाटे ते सगळं ओलं पांढरं गावात शिरतं. मेल वीथी या रस्त्यामागच्या आमच्या गल्लीत समोरच्या घराचा दिवा दिसतो, घर दिसत नाही. देवळाच्या भोंग्यावरची गाणी कुठल्या बाजूने येतात ते कळत नाही. बायका दारात वाकून तांदळाच्या पिठीची रांगोळी, म्हणजे कोलम, काढतात, शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. धुक्यात बाई दिसत नाही, रेघ तेवढी वाढत जाताना दिसते. लहानपणी मला वाटायचं, कोलम आपोआप उमटतं आणि बायका मागाहून येऊन उभ्या राहतात.

या महिन्यात नवं काही सुरू करायचं नाही, असं इथे सगळेच मानतात. आम्ही तंजावूरचे मराठी लोक त्याच्याही एक पाऊल पुढे. महाराष्ट्रातल्यांना मार्गशीर्ष चालतो, पौष चालत नाही. तमिळ शेजाऱ्यांना मार्गळी चालत नाही, पुढचा तई महिना उत्तम. आमच्या स्वयंपाकघरात दोन्ही पंचांगं एकाच खिळ्याला टांगलेली. तेव्हा आम्ही मार्गळीही टाळतो आणि पौषही. डिसेंबर अर्धा सरला की थेट फेब्रुवारीपर्यंत आमचं कुणी लग्न ठरवत नाही, घर बदलत नाही, साधी स्कूटर घेत नाही. पुण्याला बदलीवर होते तेव्हा बँकेतल्या बायका यावर पोट धरून हसायच्या. देवनागरी मी तिथेच शिकले, आणि मराठीत हे असं लिहायची खोडही तिथलीच.

मोहना माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यापासून मी, वहिनी आणि ती, अशा तिघी एका घरात. पापनाशमच्या एका शाळेत ती खेळ शिकवते. सकाळच्या बसने जाते, संध्याकाळी येते. या दोन्हींच्या अलीकडे-पलीकडे तिचं बॉक्सिंग. तिचे मास्टर पोलिसातून निवृत्त झालेले, बोलायला कंजूष. तिरुवैयारूच्या वाटेवर एक बंद पडलेली भाताची गिरणी आहे, तिचं सिमेंटचं मोठं अंगण त्यांनी मागून घेतलं होतं. पूर्वी तिथे उकडलेलं भात वाळत पडायचं. तिथे रोज पहाटे कोलमच्या पिठीने चौकोन आखायचा, तो आमच्या मोहनाचा आखाडा.

परदेशात जाऊन तिने किताब जिंकला त्या दिवशी मी पेढे वाटले आणि हिशेबही विचारला, कारण मी जन्माची बँकवाली. बायकांची किताबाची लढत दहा राउंडांची, राउंड दोन मिनिटांचा. त्याच संध्याकाळी चार राउंड खेळून गेलेल्या एका नवख्या पुरुषाला मोहनापेक्षा जास्त मिळाले होते. तिच्या मानधनातून लढतीला मान्यता देणाऱ्या संस्थेचं शुल्क कापलं, विजेतीच्या कमरेच्या पट्ट्याची किंमत कापली, डॉक्टरच्या तपासण्या कापल्या. उरलं त्यात वहिनीला नवा ग्राइंडर आला. वहिनीने पट्ट्याला हळदकुंकू लावून तो देवाशेजारी ठेवला. सोन्याचा मुलामा, मधे गरुड, खाली छोट्या पत्र्यावर मोहनाचं नाव. संध्याकाळी दिवा लागला की गरुडाचा डोळा चमकायचा, आणि मी त्या बाजूला पाठ करून जेवायला बसायचे.

या संस्थेचं मला पहिल्यापासून काही झेपलं नाही. तिथल्या माणसाचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. मास्टरांनी नाही, लढत भरवणाऱ्याने नाही. पत्रांखाली सही नाही, नुसतं 'किताब समिती'. फोन लावला तर वाजत राहतो, खूप वेळ, कुठल्या तरी मोठ्या रिकाम्या खोलीत वाजावा तसा. एकदा मी पत्ता नकाशावर शोधला, तर रस्त्याच्या चित्रात एक बंद शटर आणि भिंतीला टपालाची पेटी. पण किताब तीच पेटी द्यायची, तीच काढून घ्यायची. कोण कुणाशी लढणार, किती महिन्यांत लढणार, सगळं तीच सांगायची. किताब मिळाल्यावर ठरल्या मुदतीत तो राखावा लागतो. नाही लढलं, तर न हरताच तो जातो. 'रिकामा' असा शब्द आहे त्याला.

आम्हाला हा शब्द नवा असायचं कारण नव्हतं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात म्हाताऱ्या माणसांनी एक गोष्ट सांगितलेली असते: इथलं राज्य कसं गेलं. लढाई नाही, तोफ नाही. गादीला वारस नाही असा एक कागद आला आणि खालसा झालं. लहान असताना मी राजवाडा पाहायला गेले की दरबारात तिथलं मोकळं आसन बघत बसायचे. कुणी बसलेलं नाही आणि कुणी उठवलेलंही नाही, याची मला भारी भीती वाटायची. पन्नास वर्षांनी तेच काम माझ्या हातून होणार होतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर संस्थेची मेल आली. किताब राखण्याची लढत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, समुद्रापार, जिथली संध्याकाळ ती आपली पहाट. मानधन पहिल्यांदाच भरघोस. मुदत जानेवारीच्या मध्याला संपणार. मोहनाचा कागदपत्रांचा कारभार माझ्याकडे. "तूं ठोसे मार, कागद मी पाहतें," असं मीच तिला बजावून ठेवलं होतं. चौतीस वर्षं बँकेत मसुदे लिहिले. माझ्या पत्राला मुख्य कचेरीतून उत्तर यायचं, याची ऐट मला होती आणि अजून पुरती गेलेली नाही.

वहिनी पंचांगाजवळ उभी राहून म्हणाली, "अय्यो अक्का, मार्गळींत नको. पुढें पौष. माघ लागूं दे म्हणून लिही."

मी हसून उडवून लावायला हवं होतं. उडवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं नव्हतं. मुलगी जाणार, दहा राउंड मार खाणार, तेही असल्या महिन्यात. शिकलेल्या बाईला शुभ-अशुभ कळत नाही असं थोडंच आहे. मी मोहनाच्या फोनवरून, तिच्याच नावाने, फार सुंदर पत्र लिहिलं. या काळात आमच्या घरी मोठं कार्य सुरू करत नाहीत, तरी लढत फेब्रुवारीत ठेवावी, ही नम्र विनंती.

चार दिवसांनी उत्तर आलं. विजेती मुदतीत किताब राखण्यास तयार नाही, याची नोंद घेतली. किताब रिकामा जाहीर करण्यात येत आहे. खाली 'किताब समिती'.

त्या संध्याकाळी मोहनाने मला विचारलं, "आत्या, तूं त्यांला काय लिहिलीस?"

"तारीख पक्की करा म्हणून लिहिलें," मी म्हटलं.

"सरी, बरें," ती म्हणाली, आणि आत गेली.

खोटं बोलायची मला सवय नाही. म्हणूनच ते इतकं सहज निघालं असावं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि ग्राइंडर चालू केला.

पट्टा देवाशेजारीच होता. तो कुणी परत मागितला नाही. त्यावरचं नाव तसंच होतं, गरुड तसाच होता. मला आपलं उगीच वाटायचं की तो आता कुणा दुसऱ्याच्या घरातला आहे आणि आपल्याकडे चुकून राहिला आहे. मग मार्गळी लागली. मोहना पहाटे गच्चीवर दोरीच्या उड्या मारायची, तो टप-टप आवाज मला खाली अंथरुणात ऐकू यायचा. लढत गेली तरी तिने सराव सोडला नव्हता. एके पहाटे तो आवाज फारच वेळ चालला म्हणून मी वर गेले. गच्चीवर कुणी नव्हतं. दोरी खिळ्याला लावलेली होती, आणि हलत होती. खाली आले तर मोहना स्वयंपाकघरात पाटावर बसून कॉफी पीत होती. केस कोरडे, अंगात झोपेचे कपडे. वारा असेल. धुकं असताना वारा नसतो हे मला माहीत आहे, तरी मी वाराच धरून बसले.

रद्द झालेल्या लढतीची तारीख उजाडायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "उद्या माझी लढत आहे. देवाची घंटा घेऊन ये. आणि घड्याळ लाव."

माझं घड्याळ मी नेहमी चार सेकंद पुढे ठेवते. बँकेतली सवय. कुठेही उशीर होऊ नये म्हणून आयुष्यभर जपलेले ते चार सेकंद, आणि नेमकी मुदत मी चुकवली होती.

गिरणीवर पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की अंगणाची पलीकडची कड दिसत नव्हती. मास्टर आधीच आलेले. चौकोन आखून झाला होता, आणि त्यांनी दोन लाकडी स्टुलं मांडली होती: एक आमच्या बाजूच्या कोपऱ्यात, एक समोरच्या.

"दोन कशाला?" मी विचारलं.

मास्टरांनी मोहनाकडे बोट केलं. ती हातांना पट्ट्या गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "तिज बसायास नको काय?"

मी घंटा वाजवली. मोहना धुक्यात गेली.

हवेत मारलेल्या ठोशाला आवाज नसतो. सरावाला बसून बसून एवढं मला कळत होतं. बुटांची करकर, तिचा श्वास, दात आवळून सोडलेला 'हं', एवढंच ऐकू येतं. पहिले तीन राउंड तेवढंच आलं. चौथ्या राउंडला ठोसा कशावर तरी बसल्याचा आवाज आला. भरलेल्या पोत्यावर हात पडावा तसा, एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. मी मास्टरांकडे पाहिलं. ते हातातल्या टॉवेलची घडी घालत होते, पुन्हा उलगडत होते, पुन्हा घालत होते.

दर दोन मिनिटांनी मी घंटा वाजवायची, मोहना धुक्यातून बाहेर यायची, स्टुलावर बसायची. मास्टर तिला पाणी द्यायचे, चेहरा पुसायचे. समोरच्या कोपऱ्यात एक मिनिटभर सगळं शांत असायचं. आपल्याइतकंच कुणी थकून बसलं असलं की जशी शांतता असते, तशी. सातव्या राउंडची घंटा मला वाजवावीशी वाटेना. मोहना माझ्याकडे बघत राहिली, तेव्हा हात हलला. आठव्याला माझ्या लक्षात आलं की मला धाप लागली आहे. मी तर बसून होते. छातीत, बरगड्यांखाली, डाव्या बाजूला दुखत होतं. वय झालं, गारठा आहे, असं मनाशी म्हणत मी दहाव्याची शेवटची घंटा वाजवली, आणि ती हातातून खाली पडली.

ऊन आलं तसं धुकं नेहमीसारखं एकाएकी गेलं. अंगण कडेपर्यंत दवाने ओलं होतं. आमच्याकडचं स्टूल कोरडं होतं, साहजिकच. मास्टर चालत समोरच्या कोपऱ्यात गेले, त्या स्टुलावर तळहात फिरवला आणि हात उलटा करून पाहिला. मीही मागोमाग जाऊन हात लावून पाहिला. पाय ओले होते, खालच्या दांड्या ओल्या होत्या. बसायची फळी कोरडी होती. मास्टरांनी दोन्ही स्टुलं मोपेडला बांधली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

घरी वहिनीने मिरं घातलेला पोंगल भात वाढला. मोहना गरम गरम खात होती, बऱ्याच दिवसांनी भूक लागल्यासारखी.

"काय झालें?" वहिनीने विचारलं.

"राखलें," मोहना म्हणाली.

मला राहवलं नाही. "समोरची कशी होती गे?"

तिने घास गिळला. "उंचीनें तुजएवढी. एकहि ठोसा मारली नाहीं. सारखी मागें मागें जात होती. पुढची तारीख द्या म्हणून मागत होती."

माझ्या बरगडीत पुन्हा कळ आली. मी तिथेच, पानावर बसून, वहिनीसमोर सगळं सांगितलं. काय लिहिलं, का लिहिलं, आणि विचारल्यावर काय खोटं बोलले. सांगताना मला लाज वाटली आणि मोकळंही वाटलं, दोन्ही एकदमच.

मोहना म्हणाली, "पत्र माझ्या नांवानें गेलें आत्या. माझ्याच फोनांतून. त्याच दिवशीं वाचलें मी."

"मग बोलली कां नाहींस?"

"तूं सांगशील म्हणून थांबलें." तिने ताटलीत बोट फिरवलं. "आज दहा राउंड थांबलें."

त्यानंतर त्या रिकाम्या किताबासाठी दुसऱ्या दोघी लढल्या आणि त्यांतल्या एकीने तो नेला. मोहना निळ्या कोपऱ्यातली झाली. म्हणजे दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या विजेतीसमोर, दोन आठवड्यांच्या बोलावण्यावर उभी राहायची. हरावी म्हणून बोलावलेली. कधी हरली, कधी सगळ्यांचा हिरमोड करून जिंकली. गंमत अशी की हातात पैसे थोडे जास्तच येऊ लागले, कारण किताब नाही तर संस्थेचं शुल्कही नाही. मी त्यावर एकदा विनोद करायला गेले. कुणी हसलं नाही.

या वर्षी दिवाळीनंतर त्याच समितीची मेल आली. तोच किताब, या वेळी मोहना आव्हान देणारी. तारीख अशी, की तमिळ पंचांगात मार्गळी आणि मराठी पंचांगात पौष. वहिनी खिळ्यापाशी गेली, दोन्ही पंचांगं काढली, फडताळात पालथी ठेवली आणि म्हणाली, "अक्का, येतें म्हणून लिही." मी तेवढंच लिहिलं. मसुद्याला शोभा म्हणून एक अक्षर जास्त घातलं नाही. फोन मोहनाच्या हातात दिला. "तूं पाठव," म्हटलं.

मास्टर आणि ती गेली. त्यांची संध्याकाळ, माझी पहाट. बायकांच्या लढती फोनवर दाखवणार नव्हते. त्यानंतरच्या पुरुषांच्या तेवढ्या दाखवणार होते. मी कपाटातून घंटा काढली, मास्टरांच्या घरून दोन स्टुलं मागून घेतली आणि रिक्षाने गिरणीवर गेले. रिक्षावाल्याने एवढ्या धुक्यात म्हातारी कुठे चालली म्हणून दोनदा विचारलं. कोलमची पिठी नेली होती. वाकून चौकोन आखताना माझी कंबर गेली. मोहनाचं स्टूल पदराने पुसलं, समोरचं तसंच ठेवलं, आणि तिने कळवलेल्या वेळेला पहिली घंटा वाजवली.

या वेळी काहीही ऐकू आलं नाही. बूट नाही, श्वास नाही. लांब कुठे तरी देवळाची गाणी, आणि छपरावरून टपकणारं पाणी. दोन मिनिटं, घंटा. एक मिनिट, घंटा. मला भीती वाटत होती ती कशाचीच चाहूल न लागण्याची. सहाव्याला वाटलं, ती कधीच पडली असेल आणि मी इथे वेड्यासारखी एका रिकाम्या अंगणासाठी घंटा बडवते आहे. तरी दहा पुरे केले.

उजाडल्यावर आधी समोरच्या स्टुलापाशी गेले. फळीवर हात ठेवला. चिंब ओली होती. या वेळी तिच्यासमोर मी नव्हते. तिथेच खाली बसून मी थोडी रडले. मग धीर करून मोहनाच्या स्टुलाकडे वळले. तास दीड तास उघड्यावर, तेवढ्याच दवात होतं ते. फळी कोरडी होती. दहा राउंडांच्या मधे मोहना नऊ वेळा बसली होती, नऊ वेळा उठली होती.

घरी येऊन घंटा देवापुढे ठेवली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, घंटा उचलली आणि पूजेला बसली. ती वाजत असतानाच फोन आला.

मोहनाचा आवाज बसलेला होता. "आत्या, किताब घरीं येतो म्हणून अम्मास सांग." मग तिने विचारलं, "तूं गिरणीवर गेली होतीस काय?"

"तुज कुणी सांगितलें?"

"कोणी नाहीं. दर राउंडास इथली घंटा वाजायच्या आधीं आपली वाजत होती. थोडीच आधीं. मी तिजवरच उठत होतें."

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते चार सेकंद पुढे होतं.